सल्लागार मंडळापुढे मित्र म्हणून

माझ्या भाच्याला ज्या आदेशाने स्थानबद्ध केले गेले, त्या आदेशात त्याच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झाल्याचे म्हटलेले नव्हते आणि तसे म्हणण्याची कायद्याला गरजही नव्हती. मोकळा राहिला तर तो पुढे काय करील, याविषयी एका अधिकाऱ्याची झालेली खात्री एवढाच त्या आदेशाचा पाया होता. फौजदारी खटल्यात आरोपपत्र असते, साक्षीदार असतात, उलटतपासणी असते आणि शेवटी न्यायाधीशाचा निकाल असतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेत माणूस आधी आत जातो आणि त्याच्या बाजूने जे काही सांगायचे ते कागदावर, ठरलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा त्याच्या घरच्यांनाच सांगावे लागते. ही प्रक्रिया मी घरचा माणूस म्हणून जवळून पाहिली. आमच्या भागातली असंख्य घरे ज्या धंद्यावर जगतात, त्या धंद्यातल्या माणसावर हा प्रसंग पुन्हा येऊ शकतो, म्हणून ती तपशिलाने लिहून ठेवतो आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. विटा, खानापूर, आटपाडी हा सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा. शेतीवर भागत नाही म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या कामासाठी देशभर गेली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबाने त्यातली चांदी आणि तांबे वेगळे काढायचे आणि शुद्ध सोने सराफाला परत द्यायचे, हे ते काम. दूरदूरच्या सराफ पेठांत आमच्या भागातले गलाईवाले भेटतात. मुलगा दहावी-बारावी झाला की ओळखीच्या दुकानदाराकडे त्याला पाठवून देतात, तसाच माझा भाचाही दक्षिणेतल्या एका शहरात गेला. मालक शेजारच्याच गावचा होता. पगार महिन्याचा आणि राहणे-जेवणे दुकानाच्या माळ्यावर.

त्या दुकानावर तपास यंत्रणेचा छापा पडला तेव्हा परदेशी शिक्क्याची काही बिस्किटे आणि नुकतीच ओतलेली एक लगड जप्त झाली. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२३ प्रमाणे सोने तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर असतो, आणि मालकाकडे बिले नव्हती. मालकाबरोबर भाच्यालाही अटक झाली. कलम १०८ खाली त्याचा जबाब घेतला गेला. मजकूर इंग्रजीत टंकलेला आणि खाली सही मराठीत. न्यायालयीन कोठडीत गेल्यावर त्याने एका सहकैद्याच्या मदतीने हिंदीत एक पानाचा अर्ज लिहून दंडाधिकाऱ्यांना कळवले की जबाब मला वाचून दाखवलेला नाही आणि तो मी मागे घेतो. जबाब मागे घेण्याचा हा अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत गेला आणि त्याची पोच त्याने जपून ठेवली. त्या वेळी तिचे महत्त्व आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

जामिनाचा अर्ज सुनावणीला आला असतानाच तुरुंगात त्याच्या हाती स्थानबद्धतेचा आदेश पडला. माझ्या बहिणीचा फोन आला. "दादा, जामीन हुईल म्हनत हुते, आन् आता वरीसभर सुटत न्हाई म्हंत्यात," एवढेच ती सांगू शकली. ती म्हणाली ते खरे होते. आदेश १९७४ च्या परकीय चलन संवर्धन आणि तस्करी प्रतिबंध कायद्याखालचा होता. वकिलांपासून तुरुंगातल्या शिपायापर्यंत सगळे त्याला कोफेपोसा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे एक वर्षापर्यंत माणसाला आत ठेवता येते, आणि जामीन मिळाला तरी तो केवळ मूळ गुन्ह्यातला असतो. स्थानबद्धतेला तो लागू होत नाही.

सोन्याच्या दुकानातला पगारी पोरगा आणि राज्याची सुरक्षितता यांचा काय संबंध, असा प्रश्न मला वकिलांनाही विचारावासा वाटला होता. उत्तर कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. परकीय चलनविषयक नियमांचा भंग आणि तस्करी यांमुळे राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर आणि त्यातून राज्याच्या सुरक्षिततेवर गंभीर परिणाम होतो, असे संसदेने तिथे म्हटले आहे. डिसेंबर १९७४ मध्ये हा कायदा अमलात आला. पुढे सहा महिन्यांतच देशात आणीबाणी जाहीर झाली आणि या कायद्यात कलम १२अ घालण्यात आले. त्या कलमाखाली, आणीबाणी चालू असेतोवर, स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे न सांगताही आत ठेवण्याची सोय झाली. मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७८ साली रद्द झाला. कोफेपोसा राहिला. मिसाची आठवण राजकारणात आजही निघते, पण त्याच काळातला हा दुसरा कायदा चालू आहे हे मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकालाही पुस्तकातून कधी कळले नव्हते.

आमचा तालुका स्वातंत्र्यापूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली विनाचौकशी डांबलेल्या माणसांच्या हकिगती मी लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत आणि वर्गात सांगितल्याही आहेत. अशा तुरुंगवासाचा अनुभव घेतलेल्या पिढीने स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अधिकार कायम का ठेवला, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत असे. अनुच्छेद २२ ज्या मसुद्यातून आला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेपुढे मांडला. अशी स्थानबद्धता होणारच असेल तर तिच्यावर किमान काही बंधने घटनेतच असावीत, हा त्यातला विचार आहे. कारणे लवकरात लवकर कळवणे, निवेदन करण्याची संधी लवकरात लवकर देणे, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचे असेल तर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेल्या, राहिलेल्या किंवा होण्यास पात्र असलेल्या व्यक्तींच्या सल्लागार मंडळाचे मत घेणे, ही ती बंधने. बहिणीच्या घरात बसून अनुच्छेद २२ मी पुन्हा वाचला तेव्हा, भाच्यासाठी जे काही करता येण्यासारखे आहे ते सारे याच काही ओळींत आहे, हे लक्षात आले.

माझा एक माजी विद्यार्थी ज्यांच्या हाताखाली वकिली करतो, ते ज्येष्ठ वकील सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या परिसरात बसतात. त्यांनी सगळे कागद मागवून घेतले. आदेश दोन पानांचा होता, कारणांचा तपशील त्याहून मोठा, आणि आधार म्हणून जोडलेल्या कागदांचे बाड एवढे जाड की ते मध्येच दोरीने बांधलेले होते. वकीलसाहेबांनी पहिल्या बैठकीत दुकानात काय घडले हे विचारलेच नाही. आदेशाची तारीख, तो हाती पडल्याची तारीख, कारणे मिळाल्याची तारीख आणि प्रत्येक पानावरची भाषा, एवढेच ते पाहत होते. मला ते विचित्र वाटले. आपला पोरगा निर्दोष आहे हे सांगायचे सोडून तारखा कसल्या मोजायच्या? त्यांनी समजावून दिले की १९७५ साली या कायद्यात घातलेल्या कलम ५अ प्रमाणे एक कारण टिकले नाही तरी दुसऱ्या कारणावर आदेश उभा राहतो. त्यामुळे "तो फक्त कामगार होता" एवढ्यावर विसंबून चालत नाही. अनुच्छेद २२ ने दिलेली संधी मात्र खऱ्या अर्थाने मिळाली नसेल, तर कारणे कितीही असली तरी आदेश टिकणे अवघड होते.

मुदतींचा हिशोब त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून वहीत लिहून घेतला. कारणे साधारणपणे स्थानबद्धतेपासून पाच दिवसांत आणि अपवादात्मक परिस्थितीत, कारण लिहून ठेवून, पंधरा दिवसांत द्यावी लागतात. राज्याने आदेश काढला असेल तर दहा दिवसांत केंद्र सरकारला अहवाल पाठवावा लागतो, कारण असा आदेश मागे घेण्याचा अधिकार कलम ११ प्रमाणे केंद्रालाही आहे. पाच आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळाकडे गेले पाहिजे आणि स्थानबद्धतेपासून अकरा आठवड्यांच्या आत मंडळाने मत दिले पाहिजे. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० आणि आपल्या राज्यातला १९८१ चा झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले वगैरेंविरुद्धचा कायदा यांत मंडळाकडे पाठवण्यासाठी तीन आठवडे आणि मतासाठी सात आठवडे आहेत. सांगली-साताऱ्यात हा राज्याचा कायदा वाळूतस्करांनाही लावता येतो, म्हणून हा फरक इथल्या वाचकांना माहीत असलेला बरा. आदेश महाराष्ट्रातला असता तर उच्च न्यायालयाच्या याचिकेसाठी आता मुंबईला जावे लागले नसते; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे. आमचा आदेश मात्र दुसऱ्या राज्याचा होता आणि तिथल्या उच्च न्यायालयात तिथल्याच वकिलांनी देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे कोठडीच बेकायदा आहे म्हणून सुटकेची मागणी करणारी, याचिका दाखल केली.

त्याच बैठकीत वकीलसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून माझे मेहुणे, आमचे दाजी, बराच वेळ बोलले नाहीत. आणीबाणीतच, १९७६ साली, तस्करांच्या मालमत्ता जप्त करण्याचा वेगळा कायदा झाला. कोफेपोसाखाली स्थानबद्ध झालेल्या माणसालाच नव्हे तर त्याच्या नातेवाइकांनाही तो लागू होतो. आई-वडील आणि भाऊ-बहीण त्या व्याख्येत येतात. मालमत्ता बेकायदा कमाईची नाही हे दाखवण्याचा भार त्यांच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९९४ मध्ये हा कायदा वैध ठरवला, पण नातेवाइकांच्या मालमत्तेचा स्थानबद्ध माणसाच्या बेकायदा कमाईशी संबंध असला पाहिजे असेही स्पष्ट केले. दाजींच्या नावावर वडिलोपार्जित चार एकर जिरायत आणि विट्यात एक छोटे घर आहे. ते बेकायदा कमाईचे नाही हे गावात कोणीही सांगेल, पण नोटीस आली तर ते कागदांनी दाखवायचे दाजींनाच. सल्लागार मंडळाच्या मतावरून आदेश रद्द झाला, किंवा मंडळाचे मत येण्याआधीच शासनाने तो मागे घेतला, किंवा न्यायालयाने तो रद्द ठरवला, तर हा कायदा लागू होत नाही. माणूस वर्ष भरून बाहेर आला तर मात्र तो लागू राहतो. "वरीस काढील की पोरगं, किती दिस राहिल्यात," असे गावात जे बोलले जात होते ते किती धोक्याचे होते, हे त्या दिवशी आम्हाला कळले. वर्ष संपण्याची वाट पाहणे हा मार्गच आमच्यासाठी नव्हता.

निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आधी मराठीत मी लिहायचे, वकीलसाहेबांनी त्यातला कायद्याचा भाग सुधारायचा, मग इंग्रजी करायचे आणि दोन्ही प्रती तुरुंगात भाच्याकडे सहीसाठी पाठवायच्या, असे ठरले. एकच निवेदन पुरेसे नव्हते. आदेश काढणारा अधिकारी, राज्य शासन, केंद्र सरकार आणि सल्लागार मंडळ, अशा चौघांना स्वतंत्र प्रती द्याव्या लागल्या. खास अधिकार दिलेल्या ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला, त्याच्याकडेही निवेदन करण्याचा हक्क आहे आणि त्याने त्याचा विचार केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९५ मध्ये सांगितले आहे.

मुद्द्यांपैकी पहिला भाषेचा होता. भाचा मराठी वाचतो, हिंदी सावकाश वाचतो. तिथली स्थानिक भाषा तो बाजारापुरती बोलतो, पण त्या लिपीतले एक अक्षर त्याला वाचता येत नाही. त्याला दिलेली कारणे इंग्रजीत आणि त्या भाषेत होती. तुरुंगात एका कर्मचाऱ्याने हिंदीत तोंडी समजावून सांगितले आणि समजल्याबद्दल सही घेतली. याच कायद्याखालच्या १९८१ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की इंग्रजी न जाणणाऱ्या गुजराती माणसाला पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावणे पुरेसे नाही, कारण लेखी मजकूर हाती असल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६२ साली न्यायालयाने असेच म्हटले होते. शेकडो पानांचा मजकूर तासाभरात तोंडी ऐकून तुरुंगातला माणूस त्याला उत्तर कसे लिहिणार, हे न्यायालयाने साठहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले असताना आजही तसाच प्रयोग होतो, याचा मला राग आला. तो राग निवेदनात उतरू न देण्याची काळजी वकीलसाहेबांनी घेतली.

दुसरा मुद्दा न वाचता येणाऱ्या पानांचा. बाडातल्या मोबाइल संभाषणांच्या छायाप्रती इतक्या पुसट होत्या की भिंगाखालीही नावे लागेनात. मी प्रत्येक अस्पष्ट पानाचा क्रमांक आणि त्यावर काय असावे असे कारणांत म्हटले आहे, याची यादी केली. हे काम कंटाळवाणे होते, पण त्यातूनच तिसरा मुद्दा हाती लागला. जोडलेल्या कागदांच्या सूचीत भाच्याचा जबाब होता, जामिनाचा अर्ज होता, पण जबाब मागे घेण्याचा त्याचा तो एक पानी अर्ज नव्हता. म्हणजे आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तो ठेवलाच गेला नव्हता. जबाब मागे घेतल्याची गोष्ट अधिकाऱ्यापासून दूर राहिली तर त्याची झालेली खात्रीच सदोष ठरते, असा १९७९ चा निर्णय आहे आणि तोही याच कायद्याखालचा. पोचपावतीवरची तारीख आदेशाच्या आधीची होती. वकीलसाहेबांनी ती पावती हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिली.

चौथा मुद्दा असा की भाचा आधीपासून कोठडीत होता. कोठडीतल्या माणसाला स्थानबद्ध करता येतेच, पण तो खरोखर सुटण्याची शक्यता आहे आणि सुटल्यावर तेच काम करील, असे मानायला ठोस आधार अधिकाऱ्यापुढे असावा लागतो. कारणांत या दोन्हींविषयी ठरावीक वाक्ये होती. आणि शेवटी, पाचव्या क्रमांकावर, त्याच्या कामाचे स्वरूप: पगाराची वही, बँकेचे पासबुक, गावाकडे दरमहा पाठवलेल्या रकमा. माझ्या मनात हा मुद्दा पहिला होता. तो पाचवा का आला ते समजले होते, तरी लिहिताना मन त्याच्याकडेच ओढ घेत राहिले.

निवेदने तुरुंगातूनच द्यायची आणि प्रत्येकावर अधीक्षकांच्या कार्यालयाचा तारखेचा शिक्का घ्यायचा, यावर वकीलसाहेबांचा फार कटाक्ष होता. शासनाने निवेदनावर किती दिवसांत निर्णय द्यावा याला ठरलेली मुदत नाही, पण विनाकारण झालेला विलंब माफ होत नाही. १९९९ च्या एका निर्णयात मंत्री दौऱ्यावर असल्याने फाइल काही दिवस पडून राहिली, एवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली होती. आमच्या निवेदनाला राज्य शासनाचे नकाराचे उत्तर मंडळाच्या सुनावणीआधी आले. त्यात मुद्द्यांची चर्चा नव्हती. विचार केला आणि नाकारले, एवढेच होते.

तुरुंगातल्या भेटीत भाचा मधल्या जाळीला हात लावून उभा होता. "मामा, सही कशावर केली ते मला खरंच ठाऊक न्हवतं," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला मंडळापुढे काय होईल ते सांगितले आणि एका अर्जावर सही घेतली. कलम ८ प्रमाणे मंडळाच्या कामकाजात वकील उभा राहू शकत नाही. पण धनबादचे खासदार ए. के. रॉय यांनी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला आव्हान दिले होते, त्या खटल्यात १९८१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थानबद्ध माणसाला वकील नसलेल्या मित्राची मदत घेता येईल, कारण कोठडीतून थेट मंडळाच्या खोलीत आणलेल्या माणसाला आपली बाजू मांडण्याइतकी स्वस्थता नसते. शासनाने आपल्या बाजूने कायदेतज्ज्ञ उभा केला तर स्थानबद्धालाही वकील द्यावा लागेल, असेही त्यात आहे. उलटतपासणीचा हक्क मात्र न्यायालयाने नाकारला. आपला पुरावा देता येतो, तो आणि साक्षीदार मात्र सुनावणीच्या दिवशी तयार ठेवावे लागतात. भाच्याच्या अर्जात दोन मागण्या होत्या: मला प्रत्यक्ष ऐकून घ्यावे, आणि माझ्या मामांना मित्र म्हणून माझ्यासोबत बसू द्यावे. प्रत्यक्ष सुनावणी हवी असेल तर तशी इच्छा कळवायची असते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

सुनावणी एका साध्या दालनात झाली. लांब टेबलामागे तिघे बसले होते. आधी शासनाचे अधिकारी आत जाऊन आले. त्यांनी काय सांगितले ते आम्हाला कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हे सारे कामकाज गोपनीय असते. मग भाच्याला पोलिसांनी आणले आणि मला त्याच्या शेजारी बसू दिले. अध्यक्षांनी मला प्रथम विचारले की आपण वकील आहात का, सनद कधी घेतली आहे का. मी निवृत्त शिक्षक असल्याचे सांगितल्यावर त्यांनी नाव लिहून घेतले. कायद्याचे निर्णय मंडळाला सांगत बसू नका, ते निवेदनात आलेच आहेत. तुम्ही घटना सांगा, असा वकीलसाहेबांचा सल्ला होता. मी तसेच केले.

मंडळातल्या एका सदस्यांनी कारणांतले एक पान भाच्यापुढे ठेवून हे वाचता येते का, असे हिंदीत विचारले. त्याने मान हलवून नाही म्हटले. मग त्यांनी मराठी निवेदनाची प्रत दिली आणि पहिला परिच्छेद वाचायला सांगितले. तो त्याने अडखळत, पण पूर्ण वाचला. दुसऱ्या सदस्यांचे प्रश्न कडक होते. परदेशी शिक्क्याचे सोने मुशीत टाकताना शिक्का दिसत नव्हता का? दिसला तर मालकाला विचारले का नाही? भाचा घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला मराठीत सांगितले की जे घडले तेच सांग. त्याने सांगितले की शिक्का दिसला होता, मालकाला विचारलेही होते, आणि मालक म्हणाला होता की बँकेचे सोने आहे. हे उत्तर त्याला अडचणीत टाकणारे आहे की मदत करणारे, याचा अंदाज मला तेव्हा आला नाही. पण खोटे सांगायला मी त्याला कधीच सांगितले नसते. पगाराची वही आणि पासबुक मी पुढे केले. पोचपावतीची मूळ प्रत दाखवली तेव्हा अध्यक्षांनी ती स्वतः हातात घेतली, बाडातली सूची मागवून तिच्याशी ताडून पाहिली आणि एक छायाप्रत ठेवून घेतली. सगळे मिळून फार वेळ झाला नाही.

दरम्यान मूळ गुन्ह्यात त्याला जामीन मंजूर झाला होता आणि जामीनदाराचे कागदही तयार होते, पण स्थानबद्धतेमुळे त्या जामिनाचा काहीच उपयोग नव्हता. बहिणीला हे समजावणे मला सर्वांत अवघड गेले. न्यायाधीशांनी सोडा म्हटले आहे आणि तरी पोरगा सुटत नाही, याचा तिला कोणत्याही शब्दांनी उलगडा होईना.

अकरा आठवड्यांची मुदत संपण्याआधी शासनाचा आदेश आला. स्थानबद्धतेस पुरेसे कारण नाही असे मत मंडळाने दिल्यावरून मूळ आदेश रद्द करण्यात येत आहे, असे त्यात होते. असे मत आले की शासनाला आदेश रद्द करावाच लागतो. तिथे त्याला दुसरा पर्याय नाही. मंडळाने कोणत्या मुद्द्यावर असे म्हटले, भाषेच्या, पुसट पानांच्या की त्या पोचपावतीच्या, हे आम्हाला कधीच कळणार नाही, कारण अहवालातला मताचा भाग सोडून बाकी सारा गोपनीय राहतो. उच्च न्यायालयातली याचिका आता निष्फळ झाली म्हणून निकाली निघाली. मंडळाच्या मतावरून आदेश रद्द झाल्याने दाजींच्या जमिनीवरचा धोकाही टळला.

या साऱ्यात एक गोष्ट मला फार टोचते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या अनुभवावरून बरेच काही सुधारले. आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ चे हक्क तहकूब करता येणार नाहीत, हे तिच्यामुळे ठरले. त्याच दुरुस्तीच्या कलम ३ ने सल्लागार मंडळाविना ठेवण्याचा काळ तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणला होता, आणि मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा कार्यरत न्यायाधीश, सदस्य कार्यरत किंवा निवृत्त न्यायाधीश, आणि त्यांची नेमणूक मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने, असे ठरवले होते. हे एक कलम अमलात आणण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही. ए. के. रॉय यांच्या खटल्यात न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला आणि पुढे आलेल्या एकाही सरकारने ती काढली नाही. संसदेने संमत केलेली आणि राष्ट्रपतींची संमती मिळालेली दुरुस्ती इतकी वर्षे अंमलाविना पडून राहावी, याला कोणतेही समर्थन मला सापडत नाही. आमचे मंडळ नीट वागले. पण त्या टेबलामागे कोण बसणार हे कोणत्या सरकारची इच्छा काय आहे यावर राहू नये, असे त्या खोलीत बसून आल्यावर मला फार तीव्रतेने वाटते.

भाचा आता जामिनावर आहे आणि मूळ खटल्याच्या तारखांना त्या शहरात जातो. अलीकडेच सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११२ खाली दंडाबद्दल कारणे दाखवा नोटीस आली असून तिला जोडलेले कागद बहुतेक तेच आहेत. उत्तराची तयारी सुरू झाली आहे, आणि त्यात पहिली मागणी या कागदांचे मराठी भाषांतर आणि पुसट पानांच्या वाचता येतील अशा प्रती मिळाव्यात, ही आहे.